पश्चिमेची भिंत

किल्ल्यावर जायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो गाड्यांचा. थोरला काही धाकट्याच्या गाडीत बसणार नव्हता. एकतीस वर्षं दोघे एकमेकांशी बोललेसुद्धा नव्हते, तिथे एका सीटवर कुठले बसतात! आई गेली तेव्हा दोन टोकांना उभे राहिले, दोन दरवाजांनी बाहेर पडले आणि दोघांनीही मधल्या बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं, पाळीपाळीने. शेवटी तिनेच तोडगा काढला. जाताना ती थोरल्याबरोबर टॅक्सीत बसेल, येताना धाकट्याच्या गाडीत. "म्हणजे कुणाच्या पोटात दुखायला नको," असं तिने दोघांनाही फोनवर सांगितलं, वेगवेगळं, पण शब्द तेच. पासष्टाव्या वर्षीही दोन भावांमध्ये आपली समसमान वाटणी करत बसायचं तिच्या नशिबी आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते थोडंसं आवडतही होतं.

बोलावणं धाकट्याच्या मुलीचं होतं. ती जुन्या वास्तूंच्या खात्यात इंजिनिअर. किल्ल्याची पश्चिमेकडची भिंत फुगली होती, दगडांच्या पापुद्र्यांचे पापुद्रे सुटत होते, आणि गेल्या हिवाळ्यात दोन अख्खे दगड खालच्या वाटेवर येऊन आदळले होते. खात्यापुढे दोनच रस्ते होते. एकतर भिंत जुन्या पद्धतीने चुन्यात पुन्हा बांधायची, नाहीतर छातीच्या उंचीपर्यंत उतरवून टाकायची आणि कुंपण घालून मोकळं व्हायचं. चुन्यात बांधायची तर चुन्याचा जाणता माणूस हवा. तसा आसपास एकच उरला होता, तो म्हणजे थोरला. वय अडुसष्ट, डोळ्यांत काचबिंदू. आणि परांच्या, ट्रक, तीस माणसं हे सगळं होतं धाकट्याकडे, कारण तो कंत्राटदार. दोघे एकत्र आले तर भिंत उभी राहणार होती. सोमवारी निर्णय जायचा होता आणि आज शनिवार होता.

ती भिंत कशाने फुगली हे घरात सगळ्यांना पाठ होतं. एकतीस वर्षांपूर्वी अण्णांकडे, म्हणजे या तिघांच्या वडिलांकडे, किल्ल्याची दुरुस्ती होती. थोरला दीड महिना दरीपलीकडच्या चुन्याच्या भट्टीवर गेला, आणि ती संधी साधून धाकट्याने सहाशे वर्षांच्या भिंतीत सिमेंट भरलं. थोरला परतला, पोती बघितली, हत्यारं उचलली आणि जो खाली उतरला तो पुन्हा कधी वर आला नाही. आजपर्यंत.

पायथ्याशी धाकट्याची गाडी आधीच येऊन उभी होती. टॅक्सी थांबली तसा तो बॉनेटवरून उठून सरळ झाला. बासष्ट वर्षांचा, टक्कल पडलेला, साइटवर ज्याच्या आवाजाने मिस्त्री दचकतात असा हा गृहस्थ, थोरला दिसला की खिशातले हात बाहेर काढायचा. आजही काढले.

"छोट्या, गुडघ्याला पट्टा बांधलास का?" मधलीने उतरता उतरता विचारलं.

"बांधलाय गं."

"दादा, तू?"

"त्याला सांग, माझे गुडघे ठणठणीत आहेत," थोरला म्हणाला. "गेलेत ते फक्त डोळे."

"तो ऐकतोय, दादा. तीन फुटांवर उभा आहे."

"ऐकू दे की. मी तुला सांगितलं."

धाकट्याबरोबर आलेली पुतणी पुढे झाली. "मोठे काका, हात धरू तुमचा?"

"धर. तू धर."

हिच्यावर त्याचा जीव होता. एकोणिसाव्या वर्षी ही पोरगी कुणालाही न विचारता एकटी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली होती. म्हणाली, मला चुना शिकवा. त्याने दोन उन्हाळे शिकवला. कळीचा चुना विरवताना किती लांब उभं राहायचं, मुरलेला चुना फावड्याला कसा चिकटतो, सगळं. पण तुझे बाबा कसे आहेत, एवढं चार शब्दांचं वाक्य त्या दोन उन्हाळ्यांत त्याच्या तोंडून निघालं नाही. पोरगी घरी येऊन बापाला सांगायची, काकांनी आज हे दाखवलं, काकांनी ते दाखवलं. बाप ताटातून मान वर न करता सगळं ऐकायचा आणि मग विचारायचा, "खोकला कसा आहे त्याचा?"

चढण सुरू झाली. पुढे थोरला आणि पुतणी, मागे मधली, आणि सगळ्यांत शेवटी धाकटा, पाण्याच्या चार बाटल्या घेऊन. थोरल्याला वाट डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती. "इथे पायरी तिरकी आहे, जपून," असं तोच पुतणीला सांगत होता.

"तुम्हाला कसं आठवतं?"

"आठवतं कसलं. अण्णांचा डबा घेऊन आम्ही रोज चढायचो. सुट्टीत तर दिवसदिवस इथेच. ही तुझी आत्या निम्म्या वाटेत बसकण मारायची आणि म्हणायची, मला उचला."

"खोटं!" मागून आवाज आला. "छोट्या म्हणायचा उचला. मी म्हणायचे डबा उचला."

मागे धाकटा हसला. पुढे थोरल्याच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं, ते फक्त पुतणीला दिसलं.

वरचा मोठा दिवाणखाना म्हणजे आता चार भिंती आणि आभाळ. तख्तपोशी कधीचीच गेली होती. दुसऱ्या मजल्याची शेकोटी भिंतीत तशीच अधांतरी राहिली होती, दगडी चौकटीसकट, आणि तिच्या तोंडातून गवताचा झुबका बाहेर आला होता. लहानपणी तिघे खाली उभे राहून माना दुखेपर्यंत ती बघायचे. अण्णा, ती कोण पेटवायचं? अण्णा परांचीवरून सांगायचे, शिडी आणा, आज पेटवतो.

मधली खिडकीपाशी गेली. किल्ल्याची भिंत सात फूट जाड, त्यामुळे खिडकीच्या पोटातच समोरासमोर दोन दगडी बाकं होती, शेकडो वर्षं बसून बसून मधे खोलगट झालेली. तिचं बाक डावीकडचं. ती बसली आणि तिला इतकं भरून आलं की तिने पर्समधे चष्मा शोधायचं नाटक केलं. इथे बसून तिने पहिलं शिवणकाम केलं होतं, अण्णांच्या सदऱ्याचं बटण. पुढे चाळीस वर्षं तिने दुकान चालवलं, गावभरच्या बायकांचे कपडे बेतले, पण त्या बटणाइतकं कौतुक परत कुणी केलं नाही. अण्णा तो सदरा घालून परांचीवर चढले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बटण दाखवत बसले. "माझ्या मधलीने लावलंय. ओढून बघा, निघतं का."

"दादा, ये ना, बस समोर," ती म्हणाली.

"भिंत बघायला आलोय मी."

"भिंत कुठे पळतेय? सहाशे वर्षं उभी आहे."

"उभी होती," थोरला म्हणाला, आणि ते कुणाला उद्देशून होतं हे कुणालाच सांगावं लागलं नाही.

धाकटा कोरड्या टाक्याच्या कठड्यापाशी थांबला होता. दगडी टाकं, दोन पुरुष खोल. सहा वर्षांचा असताना तो त्यात पडला होता. वरून कुणीतरी ओरडलं, दोर आणा. पण दोर यायच्या आत बारा वर्षांचा थोरला धपकन शेजारी येऊन पडला होता, उडी मारून, मनगट मोडून घेऊन. दोघे तळाशी बसले. थोरला कळवळत होता, आणि त्यातही धाकट्याला म्हणत होता, रडू नकोस, मी आहे ना. धाकट्याने आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली, बांधकामाच्या धंद्यात कसलीकसली माणसं भेटतात, पण आपल्यासाठी टाक्यात उडी टाकणारं दुसरं कुणी त्याला भेटलं नाही. त्यामुळेच तर सगळं जड गेलं.

"बाबा," मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "त्या रकान्याचं काय करू? अजून कोराच ठेवलाय मी."

अहवालात एक रकाना होता. मागील सदोष दुरुस्ती करणाऱ्याचे नाव. काल जेवताना तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, माझं लिही, त्यात काय एवढं. ती ताटावरून उठली होती. स्वतःच्या हाताने स्वतःच्या बापाचं नाव त्या रकान्यात लिहायचं, आणि तो अहवाल खात्यात दहा जणांनी वाचायचा!

"सांगितलं ना, माझं लिही."

"तुला काहीच वाटत नाही का, बाबा?"

"वाटून काय करू," धाकटा म्हणाला आणि बाटल्या उचलून चालायला लागला.

पश्चिमेची भिंत उन्हात होती. खात्याच्या माणसांनी दाराएवढा तुकडा उघडला होता. वरचा चुन्याचा थर, चांगला बोटभर जाड, काढून टाकला होता आणि आतलं सिमेंट दिसत होतं, करडं आणि टणक. आजूबाजूच्या दगडांच्या कडा फुटून खाली भुगा साचला होता. पुतणीने थोरल्याला अगदी जवळ नेऊन उभं केलं.

"सांध्याचं काम काय असतं?" थोरल्याने तिला विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं हे त्याला ठाऊक होतं. प्रश्न दुसऱ्याच कुणाला ऐकवायचा होता.

"काका, राहू दे ना आता."

"सांध्याने दगडापेक्षा मऊ असायचं. भिंतीत पाणी जातंच. ते सांध्यातून घाम आल्यासारखं बाहेर पडायला हवं. सांधा कडक केला की पाणी दगडातून वाट काढतं, आणि दगड फुटतो. हे अण्णांनी आम्हाला दुसरीत असताना शिकवलं होतं. दोघांनाही. एक जण शिकला."

"दादा!" मधली ओरडली.

"मी हिच्याशी बोलतोय."

"तू कुणाशी बोलतोयस ते मला कळतंय. दगड फुटले तरी तुझं तोंड काही फुटत नाही त्याच्याशी!"

धाकटा दूर दरीकडे बघत राहिला.

थोरल्याने चष्मा काढून खिशात ठेवला. जवळचं काम असलं की त्याचा विश्वास बोटांवर. त्याने उजवा हात भिंतीवर ठेवला आणि पहिला सांधा चाचपला. बोटांना काय लागणार ते त्याला पक्कं माहीत होतं. घाईत कोंबलेला माल, बाहेर आलेला, थापीने कसातरी छाटलेला. कंत्राटदाराचं काम. एकतीस वर्षं झोपेत जागेत त्याने हेच बघितलं होतं.

सांधा गुळगुळीत होता.

त्याने दुसरा बघितला, मग तिसरा. प्रत्येक सांध्याला मधोमध हलकी खोलगट पन्हळ होती, एका मापाची, बारीक. थापीची नव्हे. चमच्याचा दांडा वाकवून घासल्याशिवाय अशी पन्हळ येत नाही. आणि हा सगळा भाग वरून चुन्याने झाकायचाच होता, खात्याच्या साहेबाला दिसू नये म्हणून झाकलेलाच होता. झाकायचा सांधा घासत बसतो कोण?

अण्णा बसायचे. त्यावरून पोरवयात दोघा भावांनी किती बोलणी खाल्ली होती! आतलं काम धड करा रे, उद्याचा गवंडी उघडेल तेव्हा त्याने मला शिव्या घालायला नकोत.

थोरल्याची बोटं आता भराभर चालायला लागली. चमचा जिथे थांबतो तिथे मालाची केसाएवढी कड राहते. उजव्या हाताच्या माणसाचा चमचा डावीकडून निघतो आणि उजवीकडे थांबतो. थोरला उजवा, धाकटा उजवा. इथे प्रत्येक कड डावीकडे होती. आणि दगडाच्या कोपऱ्याशी, जिथे चमचा पोचत नाही, तिथे अंगठ्याने दाबलेला खळगा होता. थोरल्याने आपला उजवा अंगठा त्यात ठेवून पाहिला. बसेना. डावा ठेवला, तो बरोबर बसला.

अण्णा डावखुरे होते.

"काय झालं, काका?" पुतणीने विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

तो वळला. मधलीकडे नाही, पुतणीकडे नाही.

"छोट्या."

मधलीच्या हातातली पर्स खाली पडली. एकतीस वर्षांत दादाच्या तोंडून ही हाक तिने ऐकली नव्हती.

"छोट्या, हे अण्णांनी केलंय?"

"वारा सुटलाय," धाकटा म्हणाला. "खाली जाऊ या."

"मी काय विचारतोय?"

धाकटा बुटाच्या टोकाने भुगा उकरत राहिला. मग म्हणाला, "हो."

पुढचंही धाकट्यानेच सांगितलं, खाली बघतच, साइटवरचा हिशेब द्यावा तसा सपाट आवाजात. "तू भट्टीवर होतास. पाऊस पंधरा दिवस आधी आला. भिंतीचं पोट उघडं पडलेलं. अण्णांनी खड्ड्यातला चुना काढला, पण तो मुरला नव्हता. पाच दिवस झाले तरी धरेना, बोटाने खरवडला की निघायचा. वरचे दगड हलायला लागले होते आणि खालून शाळेतली पोरं जायची, तीच एक वाट होती तेव्हा. अण्णांची झोप उडाली होती. तिकीटघराच्या जमिनीसाठी मी पोती आणून ठेवली होती. एक दिवस सकाळी वर आलो तर अण्णा एकटेच. पोतं फोडून माल कालवत होते."

"तू थांबवायचं होतंस."

"अण्णांना?" धाकट्याने पहिल्यांदाच मान वर केली. "तू थांबवलं असतंस?"

थोरल्याचं बोट पुन्हा त्या खळग्यावर गेलं.

"तीन दिवस मी माल देत होतो. थापी मला हातात धरू दिली नाही. म्हणाले, हे पाप माझ्या हाताने होऊ दे. आणि घासत होते, दादा. मी म्हटलं, अण्णा, हे झाकायचंय ना, मग कशाला? तर म्हणाले, हाताला सवय आहे."

"आणि मी आलो त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू काय विचारलंस, आठवतंय?"

थोरल्याला सगळं आठवत होतं. हत्यारांच्या खोलीच्या दारात रिकामी पोती. धाकटा त्यांच्यापाशी. आणि अण्णा, पाठमोरे, बादलीत थापी धूत. धुऊन झालेली थापी पुन्हा पुन्हा धूत होते. थोरल्याला वाटलं होतं, धाकट्याच्या करतुतीची लाज वाटून अण्णा तोंड फिरवून उभे आहेत.

"तू विचारलंस, ही पोती कुणाची. मी म्हणालो, माझी. माझीच होती. त्याच्यापुढे तू एक शब्द विचारला नाहीस. निघून गेलास."

"तू मागून यायचंस ना! सांगायचंस!"

"अण्णा म्हणाले, थोरल्याला कळू देऊ नकोस. तो सगळं माझ्याकडून शिकलाय. मीच खोटा निघालो तर त्याच्या हातातलं बळ जाईल."

"अरे देवा," मधली खाली बसली, चक्क भुग्यात. मग तिचा आवाज चढला. "आणि मला? मला सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का तुझी?"

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत दादाला कळलं असतं."

"म्हणूनच सांगायचं ना, शहाण्या! एकतीस वर्षं मी तुम्हा दोघांच्या मधे टेलिफोन होऊन बसले. दादाकडे गेले की तुला नावं ठेवायची, तुझ्याकडे आले की त्याला. माझं मत काय आहे हे मलाच कळेनासं झालं! आणि तिकडे अण्णा! पाच वर्षं तुझ्याकडे राहिले, मी दर रविवारी त्यांचे पाय चेपले, आणि त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही!"

"त्यांना लाज वाटायची गं."

"वाटायलाच हवी होती!" मधली म्हणाली, आणि अण्णांबद्दल आपण असं बोललो याचंच तिला रडू फुटलं.

थोरला भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांसमोर अण्णांची शेवटची वर्षं आली, जी त्याने बघितलीच नव्हती. रागाच्या भरात तो धाकट्याच्या घराची पायरी चढला नाही, आणि त्या घरात अण्णा होते. अण्णाही कधी आले नाहीत. त्याला वाटायचं, म्हातारा त्या उपटसुंभाच्या धाकात आहे.

"मी त्यांना माफ केलं असतं रे," तो म्हणाला. "एवढीशी गोष्ट. पाऊस, पोरं, न मुरलेला चुना. लगेच माफ केलं असतं."

"त्यांना केलं असतंस," धाकटा म्हणाला. "मला नाही केलंस."

आणि मग धाकटा ओरडायला लागला. त्याच्या मुलीने तीस वर्षांत बापाचा हा आवाज ऐकला नव्हता. साइटवरचा नव्हे, हा दुसराच होता. "तोच पाऊस होता, तीच पोरं होती! मी केलं असं वाटलं तेव्हा तुला पाऊस दिसला नाही! ही जन्मली, तू आला नाहीस. घर बांधलं, आला नाहीस. माझी छाती फाडली डॉक्टरांनी, नऊ दिवस पडून होतो, रोज दाराकडे बघायचो! ताई एकटीच यायची आणि म्हणायची, दादाला जरा बरं नाहीये. खोटं बोलायची बिचारी! मी पोती आणली म्हणजे मीच केलं असणार. एवढीच किंमत माझी? टाक्यात उडी टाकलीस तेव्हा विचारलं होतंस का, कुणाच्या चुकीने पडला म्हणून?"

मुलगी पुढे जायला निघाली. मधलीने खाली बसल्या बसल्या तिचं मनगट धरलं. "थांब. बोलू दे त्याला. फार उशीर झालाय याला."

"अण्णा माझ्याकडे राहिले," धाकट्याचा आवाज बसला. "रोज संध्याकाळी खिडकीत बसून किल्ला बघायचे. मला वाटायचं, चला, अण्णा तरी आहेत आपल्याकडे. तेवढं पुरेल. नाही पुरलं, दादा."

वाऱ्याने गवत हलत होतं. थोरला आयुष्यात कधी चुकलो म्हणालेला माणूस नव्हता. भिंतीचा ओळंबा केसभर सरकला तर ती उतरवून परत बांधायचा, पण बोलायचा नाही.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तुझं ऐकून घेतलं नाही. तू रोज आठवायचास. राग आलाय म्हणून आठवतोस, असं मी स्वतःलाच सांगायचो. तसं नव्हतं ते."

धाकटा नाक ओढत दुसरीकडे बघत राहिला. मग मुलीला म्हणाला, "तो रकाना. खरं आहे ते लिही. आता माझ्याने नाही होत."

मुलीने थोरल्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. तिने पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि आजोबांचं नाव लिहिलं. पाऊस, शाळेची वाट आणि न मुरलेला चुना हेही तिने खाली बारीक अक्षरात लिहिलं. त्याला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं.

"आणि भिंतीचं काय कळवू?" तिने विचारलं.

"कळव, चुन्यात बांधू म्हणून," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात एकदम जीव आला होता. "हे सगळं सिमेंट आधी छिन्नीने काढायचं, मशीन लावायचं नाही, दगड दुखावतील. चुन्याचा खड्डा आत्ताच भरायला घेतला तर वसंतापर्यंत चुना मुरेल. छोट्याची माणसं वरची परांची बांधतील. छोट्या माल बघेल, कारण मला रंग कळत नाही आता. रोज सकाळी सातला सुरू करू."

"एक मिनिट," धाकटा म्हणाला. "छोट्या बघेल? छोट्याला विचारलंस?"

"म्हणजे? तू नाहीस येणार?"

"मी असं कुठे म्हणालो? मी म्हणतोय, विचार. तू सगळं आपल्या मनाशी ठरवून मोकळा होतोस. मी वाईट, ठरलं. मी सातला येणार, ठरलं. एकदा तरी मला काहीतरी विचार ना, दादा."

मधली तोंड उघडणार होती. भाचीच्या, म्हणजे आपल्या भावाच्या लेकीच्या हाताला तिने गच्च पकडलं आणि जन्मात पहिल्यांदा मधे बोलली नाही.

थोरल्याने चष्मा काढला होता तो परत घातला. धाकटा नेमका कुठे उभा आहे ते त्याने मान इकडेतिकडे वळवून शोधून काढलं, आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"छोट्या," तो म्हणाला, "येशील का माझ्याबरोबर?"

एकतीस वर्षं धाकट्याने हा प्रश्न मनातल्या मनात इतक्यांदा ऐकला होता की त्याचं उत्तर तयारच होतं. चांगलं लांबलचक उत्तर होतं, झोंबणारं, आंघोळ करताना म्हणून म्हणून घोटलेलं. आता ते तोंडाशी आणायला गेला तर त्यातला एक शब्द त्याला आठवेना. "येतो," तो म्हणाला, आणि बासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या मुलीच्या देखत, ढसाढसा रडायला लागला.